सही आधी, ठराव नंतर

आमच्या शिक्षण खात्यात एकच काम वेळेवर होतं. सभा कधीही सुरू होवो, विषय काहीही असो, चहाच्या आधी सह्यांचा कागद फिरतो. लांब रेघी कागद, वरचा अर्धा भाग कोरा, आणि मधोमधून खाली एक, दोन, तीन असे आकडे. आकड्यासमोर सही करायची आणि कागद पुढं सरकवायचा. वर काय लिहिलं जाणार हे तेव्हा कोणालाच ठाऊक नसतं, आणि कोणी विचारतही नाही. सभा संपली की, किंवा मुळात न होताच, चांगल्या अक्षराचा एखादा मास्तर सवडीनं त्यात ठराव बसवतो आणि शेवटी लिहितो, 'सर्वानुमते मंजूर'. या शब्दाची मला आता शिसारी येते.

जिल्हा परिषदेच्या शाळांत माझी अठ्ठावीस वर्षं गेली, सगळी वाशिम जिल्ह्यात. सुरुवातीची मानोऱ्याकडे तांड्यांवर, आणि शेवटची या गावात, जिथं जऊळक्याला गाडीतून उतरून पुढं ऑटोची वाट पाहावी लागते. या अठ्ठावीस वर्षांत अशा किती कागदांवर मी सही केली असेल, देव जाणे. नुसती केली नाही, घेतलीसुद्धा. शाळा समितीच्या सभेसाठी बायांना शेतातून कोण बोलावत बसणार? हापशीवर पाणी भरताना गाठायचं, रजिस्टर पुढं करायचं, 'कर वो बाई एक सही', झाली सभा. हुशारी वाटायची मला ती.

शाळेत आम्ही तिघं. मी प्रभारी मुख्याध्यापिका, म्हणजे पगार शिक्षिकेचा आणि बोलणी मुख्याध्यापकाची. दुसरे एक तरणे सर, त्यांचं अर्धं लक्ष मोबाईलमध्ये आणि अर्धं वाशिमच्या प्लॉटमध्ये. तिसरी आमची खिचडीवाली बाई. शाळा खरी तीच चालवते. सकाळी कुलूप ती उघडते, झाडते, पाणी भरते, लहान्यांची नाकं पुसते आणि मग साऱ्या पोरांची खिचडी लावते. आम्ही दोघंही ट्रेनिंगला गेलो की वर्गसुद्धा तीच सांभाळते, हे मी कुठंही लिहून दिलेलं नाही. कागदावर ती 'स्वयंपाकी तथा मदतनीस'. कर्मचारी नव्हे. तिला जे मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात, आणि हा शब्द उच्चारताना कोणाची जीभ अडखळत नाही.

गावाला लागून तिच्या नवऱ्याचा जमिनीचा तुकडा आहे. मेथी, पालक, वांगी लावतात आणि तो शिरपूरच्या बाजारात नेऊन विकतो. एक मुलगी, वाशिमला कॉलेजात. बाई चौथी शिकलेली. गेल्या वर्षीपासून तिचं अंगावरून जाणं थांबेना. आधी तिनं ते लपवलं, बायका लपवतात तसं. एक दिवस चुलीजवळून उठताना भिंत धरून तशीच उभी राहिली, तोंड पांढरंफटक. मी बळंच दवाखान्यात पाठवलं. पिशवीला गाठ आहे, ऑपरेशन करून काढावी लागेल, आणि लवकर, असं सांगितलं तिथं.

सरकारी कार्ड होतं तिच्याजवळ. पण कार्ड चालतं त्या खाजगी दवाखान्यात सांगितलं, हे ऑपरेशन कार्डावर आम्ही करत नाही, सरकारीतच जा. सरकारीत गेली तर तिथली डॉक्टरीण बदलून गेलेली, नवी यायची होती. येईल तेव्हा येईल. अकोल्याला मोठ्या दवाखान्यात जा म्हणाले, तिथं तारखेची रांग. बाई परत आली आणि दुसऱ्या दिवशी चुलीवर हजर. मी म्हटलं, घरी बसा. ती म्हणाली, "मॅडम, घरी बसलं तर तठी बी रक्त जाईनच न. अठी पोट्टे तरी जेवतीन."

त्याच सुमारास एका कायद्याचा मसुदा आला. सरकारी शाळांमधल्या माणसांसाठी एकत्र गट आरोग्य विमा. सगळ्यांचा मिळून एकच गट, सगळ्यांनी थोडाथोडा हप्ता भरायचा, सरकारनं त्यात आपली भर घालायची, आणि ज्याच्यावर पाळी येईल त्याचा दवाखाना त्यातून निघायचा. कोणत्याही दवाखान्यात, आधी पैसे न भरता. आजवर आमचं काय होतं? आधी स्वतः खर्च करा, मग बिलं जोडा, मग ती फाईल या टेबलावरून त्या टेबलावर म्हातारी होते. एका गुरुजींच्या फाईलीवर मंजुरी आली तेव्हा घरात त्यांचा फोटो लागलेला होता, हाराचा. तेव्हा हा कायदा मला खरंच पटला. आणि मसुद्यात एक वाक्य होतं: 'सरकारी शाळेत काम करणारी प्रत्येक व्यक्ती.' कर्मचारी नव्हे, व्यक्ती. मी ते तीनदा वाचलं. मग खिचडीच्या खोलीत जाऊन बाईला सांगितलं.

"मी बी?" ती म्हणाली.

"तुमी बी."

"बाप्पा!" एवढंच म्हणून ती पातेल्यात पळी फिरवत राहिली, पण त्या दिवशी दुपारी पोरांशी फार बोलत होती.

मसुद्यावर सूचना आणि हरकती मागवल्या होत्या. त्या केंद्रातून जायच्या. केंद्र म्हणजे आसपासच्या दहाबारा शाळांचा गट, महिन्यातून एकदा सगळे मास्तर एका शाळेत जमतात आणि त्याला शिक्षण परिषद म्हणतात. शिक्षणाचं तिथं काही नसतं. कोणाची बदली झाली, कोणाची व्हायची आहे, कोणी कुठं प्लॉट घेतला, एवढीच परिषद. त्या महिन्याची परिषद आमच्या शाळेत होती, म्हणून चहाही आमच्या बाईच्याच हातचा.

संघटनेचा पुढारी आला होता. हा गृहस्थ शिक्षक आहे हे त्याच्या पगाराच्या स्लिपवरूनच कळतं, बाकी कशावरूनही नाही. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेन, आणि वर्गात पाय ठेवल्याला वर्षं लोटलेली. बोलायला उभा राहिला की समोर आमदार बसलेत अशा थाटात बोलतो. म्हणाला, "बंधू आणि भगिनींनो, कायदा चांगला हाये, आपल्याच लढ्यानं आला हाये, पण धोका वळखा. गटात कोणालेबी घेतलं तर बोजा आपल्यावर पडन."

कोणता लढा? हा माणूस मोर्च्यात फोटोपुरता चालतो आणि मग मागून येणाऱ्या गाडीत बसतो, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

मग आमचे तरणे सर उठले. "मले बीपी नाही, शुगर नाही," ते म्हणाले, "मंग मी कायले दुसऱ्याच्या दवाखान्याचा हप्ता भरू? आनं त्यात या खिचडीवाल्या बाया बी घ्याच्या म्हणे. लय बाया हायेत त्या. समद्या बिमारच राह्यतात."

बाई तेव्हा दाराशी ट्रे घेऊन उभी होती. याच सरांना ती रोज जेवायला वाढते, वर लोणचं घरून आणते. माझं डोकं फिरलं.

मी उठले आणि बोलले. चांगली पाच मिनिटं बोलले. म्हटलं, सर, तुमाले आज बीपी नाही, पण पन्नाशीत याल तेव्हा तुमच्या हप्त्यानं भागते का दवाखाना? तेव्हा दुसरेच भरतीन न तुमच्यासाठी? गट म्हणजे काय, हे चौथीच्या पोराले शिकवता आनं स्वतःले समजत नाही? धडधाकट तेवढे गटात आनं दुखणेकरी बाहेर, असा कुठं विमा राह्यते का? आनं ज्या बाईच्या हातचा चहा पिऊन राह्यले, तिले बिमार म्हणतानी लाज वाटली पाह्यजे.

सर मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसले. पुढारी गोड हसला आणि म्हणाला, "मॅडमचं म्हणणं इचार करण्यासारखं हाये." बस. मला वाटलं, जिंकले. खरंच वाटलं. मी ऐटीत खाली बसले, आणि शेजारच्या बाईंनी हळूच माझा हात दाबला, तेव्हा तर आणखीच चढले. अशी माणसं 'विचार करण्यासारखं' म्हणतात तेव्हा त्यांचा विचार आधीच झालेला असतो, हे अठ्ठावीस वर्षांत मला कळायला हवं होतं.

मग सह्यांचा कागद फिरला. वरचा अर्धा कोरा. मी सही केली. का नाही करणार? नेहमीचंच. फिरत फिरत कागद केंद्रप्रमुखांकडे गेला. त्यांनी मोजलं आणि म्हणाले, "एक कमी पडून राह्यली. एक गुरुजी आज आलेच नाहीत." सगळ्यांनी इकडंतिकडं पाहिलं. बाई रिकामे कप गोळा करत होती. तिला हाक कोणी मारली? मीच.

"या वो बाई, करा एक सही."

तिनं हात पदराला पुसले. "कायची हाये, मॅडम?"

"काही नाही, हजेरीची."

तिनं वाकून, जीभ दातात धरून, सावकाश सही केली. शेवटचं अक्षर चौकटीच्या बाहेर गेलं म्हणून ओशाळून हसली. सरांनीही हसून घेतलं. मला घाई होती, ऑटो सुटला असता.

पुढच्या अधिवेशनात कायदा मंजूर झाला. पुढाऱ्याच्या गळ्यात हार पडले, आमच्या ग्रुपवर फोटो आले, त्याखाली अंगठे आणि हात जोडलेले. मग माहिती भरायची लिंक आली. सरांनी सगळ्यात आधी स्वतःची भरली. हो, त्याच सरांनी, ज्यांना बीपी नाही, शुगर नाही. आई, वडील, बायको, सगळ्यांची नावं घातली. त्यांच्या वडिलांना शुगर आहे.

दुसऱ्या दिवशी बाई लवकर आली. धुतलेलं लुगडं, आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, आणि सोबत दोन फोटो. मुलीनं शिरपूरला नेऊन काढून आणले होते. मी कॉम्प्युटरसमोर बसले. पद निवडा, असं आलं. मुख्याध्यापक होतं, शिक्षक होतं, लिपिक होतं, शिपाई होतं. मी यादी वर नेली, खाली नेली. पुन्हा वर नेली. मदतनीस नव्हतं. मग मी कायदा उघडला. 'प्रत्येक व्यक्ती' गेलं होतं. त्या जागी 'नियमित वेतनश्रेणीतील कर्मचारी' बसलं होतं.

बाई मागं उभी होती. मी म्हटलं, "साईट चालून नाही राह्यली, उद्या पाहू." हे खोटं होतं, पण त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही.

ती गेल्यावर पुढाऱ्याला फोन लावला. म्हटलं, हे कोणी केलं? तो अगदी प्रेमानं म्हणाला, "काहून तापता मॅडम? हे तर तुमच्याच केंद्राचं मागणं होतं. दुसऱ्या केंद्रांचे बी ठराव होते, पण मदतनिसाची सही फक्त तुमच्याच कागदावर होती न. तोच आपण कमिटीपुढे ठेवला. समद्यायले पटला."

मला काहीच कळेना. दुपारी शाळा सरांवर सोडून केंद्रप्रमुखांकडे गेले आणि त्या ठरावाची स्थळप्रत, म्हणजे त्यांच्याकडं ठेवलेली नक्कल, मागितली. ते म्हणाले, कायले? मी म्हटलं, पाहाची हाये. कपाटातून काढून दिली. वरच्या अर्ध्या भागात, सुरेख अक्षरात लिहिलं होतं की स्वयंपाकी तथा मदतनीस हे तात्पुरते असल्यानं त्यांना या गटात घेऊ नये, त्यांच्यामुळं नियमित कर्मचाऱ्यांवर बोजा पडेल. आणि पुढं: 'याबाबत मदतनिसांशी चर्चा केली असता त्यांनीही संमती दर्शविली असून त्यांची स्वाक्षरी खाली आहे. सर्वानुमते मंजूर.' खाली माझी सही. आणि अगदी शेवटी तिची, चौकटीबाहेर गेलेलं अक्षर तसंच.

"हे कोणं लिहलं?" मी विचारलं.

"अक्षर पाहा न कोणाचं हाये ते," केंद्रप्रमुख म्हणाले, आणि कपाट लावून घेतलं.

अक्षर आमच्या सरांचं होतं. पण सरांवर तरी किती थुंकावं? सर तसेच आहेत, मला माहीत होतं. पुढारी तसाच आहे, तेही माहीत होतं. तिला हाक मी मारली होती. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात एक गोष्ट लहान लेकरालाही सांगितली जाते, वाचल्याशिवाय कागदाला बोट लावायचं नाही. आजोबांना स्वतःला वाचता येत नव्हतं, तरी समोरच्याकडून वाचून घेतल्याशिवाय ते अंगठा देत नसत. त्यांची नात डी.एड. झाली, मुख्याध्यापिका झाली, आणि दुसऱ्यांचे हात धरून कोऱ्या कागदावर सह्या घेऊ लागली. ऑटोत बसून मी रडले, आणि ऑटोवाला आरशातून पाहत होता.

कायदा झाला तरी त्याचे नियम अजून व्हायचे होते, आणि नियमांत आणखी काही लोकांना घेता येईल असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे अजून जागा होती. मी अर्ज तयार केला. आम्ही खाली सह्या करणारे असं कळवतो की त्या कागदावर आमच्या सह्या हजेरी म्हणून घेण्यात आल्या, ठराव आम्हाला वाचून दाखवला नव्हता, मदतनिसांशी कोणतीही चर्चा झाली नाही, तरी त्यांना गटात घ्यावं. आणि तो घेऊन शाळाशाळांतून फिरायला लागले.

आणि काय सांगू! ज्या लोकांनी वीस वीस वर्षं कोऱ्या कागदावर डोळे मिटून सह्या मारल्या, ते सगळे एकाएकी वाचायला लागले. चष्मे निघाले. "थांबा मॅडम, आदी वाचू द्या." एकानं दोनदा वाचला. एकानं फोटो काढून वकील मेव्हण्याला पाठवला. एक म्हणाले, 'ठराव वाचून दाखवला नव्हता' असं लिहिलं तर मंग आमी सही कशी केली, असं विचारतीन न. मी म्हटलं, तेच तर लिहायचं आहे. ते म्हणाले, नाही बावा, आपल्याले लेकरंबाळं हायेत. सभेत माझा हात दाबणाऱ्या बाईंनी तर मला पाण्याचं विचारून झाल्यावर सांगितलं की मिस्टरांना विचारून सांगते. मिस्टर अजून विचारातच आहेत. आमचे सर म्हणाले, "मॅडम, अक्षर माहं असलं तरी मजकूर माहा नाही." हे वाक्य तेवढं खरं असेल. त्यांच्या डोक्यातून इतका मजकूर येणं शक्य नाही.

एकही सही मिळाली नाही. भित्रे, लाचार, पगारावर पोसलेले लेकाचे. आणि हे उद्याचे नागरिक घडवणार.

शेवटी मी बाईकडे गेले. संध्याकाळची वेळ, ती अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती, मुलगी सुट्टीला घरी आलेली. बाई आणखी वाळली होती. मी तिच्यापुढं कागद धरला आणि म्हटलं, नियमात नाव यावं म्हणून अर्ज आहे, सही पाहिजे.

तिनं लगेच हात पुसले. "कुठं करू?"

"आदी ऐका तरी काय लिहलं हाये."

"तुमी लिहलं न? मंग ऐकाचं काय त्यात?"

मुलीनं मात्र कागद माझ्या हातातून घेतला. उर्मटपणानं नाही, हळूच. उभ्या उभ्या सगळा वाचला. मग विचारलं, "मॅडम, सह्या घेण्यात आल्या म्हणजे? माह्या आईची सही कोणं घेतली?"

अंगणात दुसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, "मी."

"मंग ते लिहा न यात."

"बेटा, तशी पद्धत..." मी सुरू केलं आणि थांबले. कोणती पद्धत? मला माझीच किळस आली. बाई म्हणाली, "राहू दे वो पोरी, मॅडमनं काय मुद्दाम केलं का?" मुलगी आईकडे पाहून म्हणाली, "तुही सही हाये म्हणून तुह्या पोटाचं ऑपरेशन होऊन नाही राह्यलं, आई. त्यायच्याजवळ दाखवाले तोच एक कागद हाये." आणि मग माझ्याकडे वळून, "ते लिहाल तर आईची सही देतो, नाही तर नाही."

मी तिथंच, मेथीच्या गोणीवर कागद ठेवून, ओळ वाढवली. मदतनीस बाईंची सही मी स्वतः घेतली. बाईनं त्याखाली सही केली. मुलीनं तिला आधी सगळं वाचून दाखवलं, मगच करू दिली. तो अर्ज मी ऑफिसात आवक करून शिक्का घेतला. दोनच सह्या, माझी आणि तिची.

आमचं ऑफिस कोणत्या पत्राला उत्तर देत नाही. शाळेच्या गळक्या छतासाठी मी किती पत्रं दिली याचा हिशेबच नाही, एकालाही उत्तर नाही. या अर्जाला आठव्या दिवशी उत्तर आलं. पाकिटावर माझं नाव. आत कारणे दाखवा नोटीस. 'आपण कोऱ्या कागदावर स्वाक्षरी घेतल्याचे आपणच लेखी कळविले आहे, सबब आपणाविरुद्ध कारवाई का करण्यात येऊ नये?' बाईच्या विम्याबद्दल एक अक्षर नाही. वा रे हुशारांनो! साऱ्या खात्यात कोऱ्या कागदावर सही घेणारी एकटी मीच सापडली तुम्हाला.

माझ्या निवृत्तीला सात महिने होते. चौकशी चालू असली की पेन्शन अडकते, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती, तरी सगळ्यांनी सांगितलं. केंद्रप्रमुख तर स्वतः शाळेत आले, माझ्या काळजीनं. खिशातून तयार उत्तराचा नमुना काढला. "'अनवधानाने' म्हणून लिहा मॅडम. अनवधानाने झालं, पुढे होणार नाही, दिलगीर आहे. फाईल बंद. आमी पाहून घेतो." दयेनं ओथंबलेला चेहरा. ज्या माणसाच्या कपाटात तो ठराव आहे, तो मला वाचवायला आला होता.

आणि मी त्यांचा नमुना घेतला, हेही सांगून टाकते. घरी बसून तीन पानं लिहिली. अनवधान, कामाचा ताण, वर्गांची जबाबदारी, आजवरची निष्कलंक सेवा. अठ्ठावीस वर्षांत शिकलेली सगळी कार्यालयीन मराठी त्यात ओतली. इतकं चांगलं उत्तर मी कधी लिहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते पर्समध्ये घालून शाळेत गेले, दुपारी पंचायत समितीत द्यायचं म्हणून.

बाईची मुलगी त्या दिवशी आईच्या मदतीला आली होती, कारण बाईला आता पातेलं उचलवत नव्हतं. नोटिशीचं तिला कळलंच होतं, गावात काय लपतं? तिनं विचारलं, उत्तर काय लिहिलं? मी का कोण जाणे, पर्समधून काढून तिला दिलं. तिनं तिन्ही पानं वाचली. खिचडीचा धूर येत होता, डोळे पुसत वाचली.

"मॅडम," ती म्हणाली, "हे दिलं तर तुमाले माफी भेटन. पण अनवधानानं म्हणजे काय, तर चूक झाली, सोडून द्या. कागद तसाच राह्यते, आईची संमती बी तशीच राह्यते. तुमी सरळ कबूल केलं, तर ती सही सहीच राहत नाही. मंग ते कशाच्या जोरावर म्हणतीन का मदतनिसाले नाही पाह्यजे?" मग पानांची घडी घालत म्हणाली, "तुमची पेन्शन हाये, मले समजते. मी जबरदस्ती नाही करत."

चुलीपुढं बसलेली बाई माझ्याकडे पाहत नव्हती. ती आपली लाकूड आत सारत होती. तिनं एकदा जरी म्हटलं असतं, 'मॅडम, करा न माह्यासाठी', तरी मला बरं वाटलं असतं, उपकार केल्यासारखं.

मी वर्गात गेले, टेबलाशी बसले आणि दुसरा कागद घेतला. त्या दिवशी आमच्या शाळेच्या मदतनीस बाईंची सही मी घेतली. कागदाचा वरचा भाग कोरा होता. ही कशाची सही आहे असं तिनं विचारलं होतं, आणि मी तिला हजेरीची आहे म्हणून सांगितलं, तो कागद कशाचा आहे हे मलाही माहीत नव्हतं आणि मी कोणाला विचारलं नाही. तिनं कोणतीही संमती दिलेली नाही. एवढंच. खाली सही, तारीख. पाठवण्याआधी मुलीला वाचायला दिला, तिनं आईला मोठ्यानं वाचून दाखवला, आणि पोरं ताटं घेऊन बसली होती तीही ऐकत होती. इतक्या वर्षांत ऑफिसला गेलेला माझा हा एकच कागद, ज्यात एकही ओळ खोटी नाही.

ते तीन पानी उत्तर बाईनं चुलीत घातलं. चौकशी लागली आहे. नियम अजून झालेले नाहीत. अकोल्याची तारीख तिला अजून मिळालेली नाही, आणि आजची खिचडीही तिनंच लावली.